लाल पेनातलं 'कशावरून?'

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या, राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. (नाव-गाव तिच्या विनंतीवरून गाळलं आहे.) वाचनाचं वेड आहे. बारावीच्या सुट्टीत भावाच्या मित्राने सावरकर दिले, ते पटले. पहिल्या वर्षाला फुले-आंबेडकर वाचले, तेव्हा आधीचं सगळं पुसलं गेलं. मग मार्क्सची ओळख झाली. गेल्या वर्षापासून शेतकरी संघटनेचे शरद जोशी वाचते आहे आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' हाच आता शेवटचा मुक्काम, असं तिला वाटतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिने लाडकी बहीण योजना हा विषय घेतला आहे आणि ती योजनेच्या विरोधात आहे. मार्गदर्शक सर राष्ट्र सेवा दलात वाढलेले, कल्याणकारी योजनांचे पुरस्कर्ते. त्यांनी पहिला खर्डा लाल पेनाने रंगवून परत दिला, 'मला वाटते' खोडलं. मैत्रिणी म्हणतात, सरांना हवं ते लिही, मार्क घे, मोकळी हो. तिचा प्रश्न: मार्क की मत? आणि दर पुस्तकागणिक ज्याचं मत बदलतं, त्याला मत आहे असं म्हणायचं तरी का? सहीच्या जागी 'एक गोंधळलेली'. सहीखाली ता. क.: 'परीक्षेचा फॉर्म आईने याच योजनेच्या पैशातून भरला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.' सोबत खर्ड्याच्या चार पानांचे फोटो.

चि. गोंधळलेलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून झालं तेव्हा मी पूर्ण तुझ्या बाजूची होते. मग फोटो मोठे करकरून ती चार पानं वाचली आणि थोडी तुझ्या सरांकडे सरकले. रागावण्याआधी ऐकून घे.

सरांनी 'मला वाटते' खोडलं, म्हणजे त्यांना माझं मत नको आहे, असं तू लिहितेस. मी मोजलं. चार पानांत 'मला वाटते' नऊ वेळा आलंय. त्यातलं पाच वेळा खोडलंय, चार वेळा तसंच ठेवलंय. जिथे खोडलंय तिथे प्रत्येक वेळी समासात एकच शब्द आहे: 'कशावरून?' आणि तिसऱ्या पानावर, बँकेच्या दारात पासबुक भरून घ्यायला उभ्या असलेल्या बायकांबद्दल तू जे लिहिलंस, तिथे 'मला वाटते' असूनही बाजूला बरोबरची खूण आहे. ती तुला दिसली नाही. लाल रंग दिसला की आपण बाकीचं वाचत नाही, हे मला माहीत आहे.

मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ऐंशी जणांच्या प्रकल्पांचा गठ्ठा समोर असताना 'कशावरून' लिहायला जीवावर येतं. ज्याला मत दाबायचं असतं तो मास्तर इतके कष्ट घेत नाही. तो खाली सही करतो आणि मार्क कापतो. पाच वेळा 'कशावरून' लिहिणारा माणूस तुझ्याकडे पुढचं वाक्य मागतोय.

एक वाक्य उचलू. 'अशा योजनांमुळे बायका कामाला येईनाशा झाल्या असून शेतीला मजूर मिळत नाहीत, असे मला वाटते.' हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एस.टी.त ऐकलंय, घरी दूध घालायला येणाऱ्याकडूनही ऐकलंय. म्हणून ते खोटं ठरत नाही. पण ते तुझंही ठरत नाही. तुला ते कुणाकडून मिळालं? भावाकडून? तुमच्याकडच्या द्राक्षबागायतदारांकडून? त्यांचा अनुभव खरा असेल, पण ते मजुरी देणारे आहेत. मजुरी घेणाऱ्यांपैकी कुणाला विचारलंस? महिन्याचे १५०० रुपये म्हणजे दिवसाचे ५०. द्राक्षबागेत थिनिंगला (मणी विरळ करायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला), खुरपणीला जाणारी बाई दिवसाच्या ५० रुपयांसाठी रोजची मजुरी सोडते का? कदाचित सोडत असेल. कदाचित आठवड्यातला एखादा दिवस घरी राहत असेल. कदाचित एखादी म्हणेल, कामाला जातेच, फक्त आता कमी पैशात राबवणाऱ्या मुकादमाला नाही म्हणता येतं. हे तिसरं उत्तर आलं तर काय करशील? ते तुझ्याही बाजूचं नाही आणि तुझ्या मते सरांची जी बाजू आहे तिचंही नाही. प्रकल्प तिथून सुरू होतो.

विचारताना एक सांभाळ. 'तुम्ही कामाला जाणं बंद केलं का?' असं विचारलंस तर समोरची लगेच म्हणेल, 'नाही गं बाई.' त्यात आरोप ऐकू येतो. 'गेल्या आठवड्यात किती दिवस कामाला गेलात? मागच्या हंगामात याच दिवसांत किती?' असं विचार. पंधरा बायका पुरेत, पण त्या एकाच गल्लीतल्या नकोत. नावं लिहू नकोस, वय आणि काम लिही. पैसे खात्यावर आल्यावर काढायला कोण जातं, हेही विचार. आणि पंधरा जणींवरून महाराष्ट्राबद्दल निष्कर्ष काढू नकोस; 'आमच्या गावात मी बोललेल्या पंधरा जणींपैकी' असं लिहिणं हा कमीपणा नसतो.

आणखी एक: पहिल्या पानावर 'राज्यातील सर्व महिलांना' असं लिहिलंस. तसं नाही. २०२४ च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली तेव्हापासून वयाची अट आहे, आधी २१ ते ६०, मग जुलैत केलेल्या बदलानंतर २१ ते ६५. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे, अडीच लाखांची. हे तू बातम्यांवरून लिहिलंस. मूळ शासन निर्णय वाचला नाहीस. शासन निर्णय मराठीतच असतात, शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि वाचायला रटाळ असतात. तरी वाच. तुझ्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दाही तुझ्या पानांत नाही, तोही तुला सरकारी कागदपत्रांतच सापडला असता: वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद जाहीर झाली होती. एवढ्या रकमेत दुसरं काय झालं असतं, हा प्रश्न विचारणारा माणूस बायकांना आळशी म्हणत नाही. तुझा विरोध तिथे उभा कर. मग सरांना उत्तर द्यायला कष्ट पडतील.

आता वाचनाकडे. दर पुस्तकाला मत बदलतं याची तुला लाज वाटते. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. विसाव्या वर्षी चार पुस्तकं वाचूनही ज्याचं काहीच हललं नाही त्याची मला जास्त धास्ती वाटते. माझी शंका वेगळी आहे. तू एका वेळी एकच लेखक वाचतेस, आणि माहेरपणाला गेल्यासारखी त्याच्या घरी राहतेस. तिथलंच खातेस, तिथलंच बोलतेस. मग दुसरा लेखक बोलावतो, की पहिल्या घरी निरोपही न देता निघतेस. सावरकर वाचताना ज्या चार गोष्टी पटल्या होत्या त्या आंबेडकर वाचल्यावर नेमक्या कुठल्या कारणाने पटेनाशा झाल्या? एखादी अजूनही पटते का? ते तू लिहून ठेवलेलं नाहीस, म्हणून आता आठवत नाही आणि सगळं पुसलं गेल्यासारखं वाटतं.

एक साधी वही कर. डाव्या पानावर लेखकाचं म्हणणं, त्याला स्वतःला वाचून दाखवलं तर 'हो, हेच म्हणालो' म्हणेल इतक्या इमानाने. उजव्या पानावर तू. तारीख घालायची. सहा महिन्यांनी उजवं पान खोडावंसं वाटलं तर खोडू नको, खाली नवी तारीख घालून लिही. आणि लेखक जोडीने वाच, एकमेकांशी भांडलेले.

अशी एक जोडी तुझ्या वाचनात येऊन गेली आहे, पण बहुतेक अर्धीच. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, भाषणाचा मजकूर पाहून बिचकले आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं, तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि त्यांच्यामागे आपलं उत्तर. विरोधकाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या इंग्रजी खंडात हे सगळं सलग आहे. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तो खंड नसेल तर जिल्हा ग्रंथालयात विचार. तुझ्या प्रकल्पात योजनेच्या बाजूने अर्धं पान आहे आणि त्यात ती बाजू इतकी बावळट दिसते की तिला हरवायला कुणीही पुरे. तिथे बाबासाहेबांचा हिशेब लाव.

शरद जोशींबद्दलही असंच. तू घोषणा घेतलीस आणि माणूस ठेवून दिलास. 'घामाचे दाम' ही मागणी कांदा, ऊस पिकवणाऱ्याची होती: माझ्या मालाला खर्च भरून निघेल असा भाव द्या, मग तुमची मेहरबानी नको. ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याचं ते बोलणं आहे. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जी रोज रांधते, धुते, गोठा काढते, तिच्या त्या घामाचा दाम कोण देतं? हा प्रश्न मी सेवा दलातून उसना आणलेला नाही. शेतकरी संघटनेनेच लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, बाप्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करून द्यावा म्हणून. म्हणजे खुल्या बाजाराची भाषा बोलणाऱ्या त्याच माणसाला घरातलं हे देणं दिसत होतं. मग १५०० रुपये ही भीक, की थकलेल्या मजुरीचा हप्ता, की निवडणुकीचं आमिष? तिन्ही बोलणी ऐकू येतात. तू यातलं पहिलं धरून चाललीस. मला विचारशील तर माझं मत आहे, पण इथे सांगणार नाही; सांगितलं तर तू माझ्याही घरी राहायला येशील.

तुझ्याच जिल्ह्यातली एक गोष्ट तुझ्या पानांत नाही, याचं मात्र मला वाईट वाटलं. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला. त्यामागे होते वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. देशासाठी तसा कायदा यायला २००५ उजाडलं. खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. तो अजून आहे. तुझ्या सरांच्या पगारातूनही महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. (ही माहिती त्यांना देऊ नकोस, त्यांना चांगली माहीत असणार.) यात तुला हवं ते आहे बघ: मागेल त्याला काम, कामाला दाम, आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून हे उघड. रोख द्यावं की काम द्यावं, असा तुझा प्रश्न मांडलास तर तो सर विरुद्ध मी असा राहत नाही आणि विरोधही सोडावा लागत नाही.

घरात आजी आहे असं पत्रात ओझरतं आलंय. बहात्तरला ती सोळा-सतरा वर्षांची असेल. खडी फोडायला गेली होती का, विचार. दुष्काळात वाटलेली सुकडी आठवते का, मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) तांबडी भाकरी आठवते का. आजी जे सांगेल तो पुरावा एका बाईचा आहे, तेवढ्याच वजनाने वापर.

आता थोडं कडू. दुसऱ्या पानाच्या मधोमध तुझी भाषा अचानक बदलते. 'सर्वसमावेशक विकासाच्या व्यापक परिप्रेक्ष्यात या योजनेचे बहुआयामी परिणाम अधोरेखित करणे अगत्याचे ठरते.' हे तू लिहिलेलं नाहीस. मोबाइलला विचारलंस आणि त्याने दिलं ते चिकटवलंस. तिथे सरांनी 'कशावरून' लिहिलेलं नाही, नुसती एक उभी रेघ मारली आहे. त्या रेघेचा अर्थ मला कळला, तुलाही कळलाय. अडलेला शब्द विचारायला, इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला ते यंत्र खुशाल वापर. पण मत की मार्क असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने मतच दुसऱ्याकडून लिहून आणावं, हे जरा गमतीचं नाही का? तो परिच्छेद काढ. त्याच्या जागी तीन ओळी आल्या तरी चालतील.

बरं, सर खरोखरच पक्षपाती निघाले तर? शक्य आहे. मीही तसं केलेलं आहे. माझ्याशी सहमत असलेल्या मुलांचे विसविशीत प्रकल्प मी उदारपणे तपासले आणि विरोधी मत असलेल्यांकडून दुप्पट पुरावा मागितला. हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्यामुळे तुझ्या शंकेला मी वेडगळ म्हणणार नाही. सादर करण्याआधी एका पानाचा आराखडा घेऊन त्यांच्याकडे जा. विरोधाचं मत बोलून दाखव आणि विचार, 'सर, हे मांडायला तुमच्या मते किती पुरावा लागेल?' ते जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घे. एवढं केल्यावर मन मोकळं असलेला शिक्षक मदतच करतो. नसलेला निदान सावध होतो. तरीही मार्क कमी पडले तर विभागप्रमुख आहेत, विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. पण अंतर्गत गुणांची भांडणं लांबतात, निकाल त्याआधी लागतो. चार-पाच मार्कांचा प्रश्न असेल तर मी ते सोडून देईन. पुढच्या प्रवेशाला तेच चार-पाच मार्क आडवे येणार असतील, तर विषय थोडा बदलून घ्यायलाही माझी हरकत नाही. जे पटत नाही ते लिहिणं वेगळं, आणि जे पटतं त्यातलं काही आत्ता न लिहिणं वेगळं. मैत्रिणी पहिलं सुचवताहेत. ते करू नकोस, कारण ते वाईट लिहिलं जातं. न पटलेल्या मतावर लिहिलेली पानं मी शेकड्याने वाचली आहेत. तिसऱ्या ओळीला कळतं.

आणि तुझा ता. क. साऱ्या पत्रात ते एकच वाक्य असं होतं की मी थांबले. प्रकल्पाच्या चार पानांत त्याचा मागमूस नाही. ज्या पैशाला तू पान एकवर खैरात म्हणतेस, त्याच पैशावर तुझा परीक्षेचा फॉर्म भरला गेला. यामुळे तुझा विरोध खोटा ठरतो का? नाही. योजनेचा लाभ घेणाऱ्याने योजनेवर टीका करू नये असं असतं तर सरकारी शाळेत शिकलेल्यांनी सरकारवर बोलायलाच नको. आणि आईने फॉर्म भरला म्हणून योजना थोर, असंही होत नाही. पण हे लपवून लिहिलेल्या पानांत एक ताठरपणा आलाय. स्वतःला पटवण्यासाठी माणूस असा मोठ्याने बोलतो. प्रस्तावनेत एका वाक्यात ते सांगून टाक: या योजनेशी माझा असा संबंध आहे आणि तरी, किंवा म्हणून, मी हे तपासते आहे. संशोधनात अशी कबुली देण्याची रीतच आहे, त्यात रडगाणं नाही.

मात्र आधी आईला विचार. पैसे तिचे, गोष्टही निम्मी तिची. तिने नको म्हटलं तर लिहू नकोस. आणि विचारतेच आहेस तर हेही विचार, की या पैशाला ती स्वतः काय म्हणते. खैरात, हक्क, की आणखी काही. तिने वापरलेला शब्द जसाच्या तसा उतरव, शुद्ध करू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. आजीकडे बहात्तरची चौकशी करशील तेव्हा मस्टरवर तिचं नाव होतं की आजोबांचं, आणि आठवड्याचा पगार हातात कुणाच्या पडायचा, तेही विचार.